ड्राय बाल्कनीतले जिवंत दगड

वाघोलीहून स्वारगेटला गाडीच्या डिकीत चाळीस किलो दगड घालून येताना मी गाणी म्हणत होते. नवरा गाडी चालवत होता. त्याच्या बाजूची काच पूर्ण खाली होती, कारण मागून येणारा वास काच बंद करून सोसण्यासारखा नव्हता. पावसाने त्याचा उजवा खांदा भिजला, मग बाही भिजली, तरी तो एक शब्द बोलला नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की माणूस भिजतो पण बोलत नाही, हा माझा अनुभव आहे. मी मात्र इतकी खूश होते की येरवड्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने नाक दाबून आमच्याकडे पाहिलं, तेव्हा मी त्याला हात केला.

हे दगड साधे नव्हते. प्रवाळाचे जुने, मेलेले तुकडे, आतबाहेर भोकंच भोकं, आणि त्या भोकांत वस्तीला असलेले बारीक जीव: जिवाणू, किडे, स्पंज, एखादी गोगलगाय. म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे जी घाण करतात ती या दगडातले जिवाणू निस्तरतात. दगड चांगला असेल तर टाकी वर्षानुवर्षं चालते, आणि नासका असेल तर दोन दिवसांत तिचं विष होतं. आमच्या डिकीतले दगड, खरं सांगायचं तर, अर्धे नासके होते.

हा नाद मला दातांच्या डॉक्टरांकडे लागला. रूट कॅनालच्या चार खेपा झाल्या आणि चारही खेपांना माझ्या उजव्या डोळ्यासमोर त्यांची समुद्री टाकी होती. तीत नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे एका समुद्रफुलात झोपत. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, प्राणीच तो. बोटांएवढ्या मऊ झुबक्यांचा. बाकीच्यांना तो डंख मारतो आणि या दोघांना कुशीत घेतो. तोंड उघडं असताना माणसाने प्रेमात पडू नये, नाही म्हणता येत नाही. चौथ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, झालं तुमचं. मी म्हटलं, अजून एखादा दात बघता का.

मग वर्षभर मी वाचत सुटले. लोणी काळभोरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते, तेव्हा वाचण्याची सोय घरचीच. हॉलमध्ये काचेची टाकी आणली, वाळू घातली, शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवून ती भरली आणि मग थांबले, कारण दगडावाचून पुढे काही करता येत नाही. सहा महिने ती टाकी नुसती पाण्याने भरून उभी होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला शांतपणे सांगायच्या, "सुनेने पाणी पाळलंय."

सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. चौतीस वर्षं मराठी शाळेत शिक्षिका होत्या आणि अजूनही आमच्याकडे तिसरी ब असल्यासारख्या बघतात. पहिल्या दिवसापासून मी त्यांना आई म्हणते आणि पहिल्या दिवसापासून त्यांचा टोमणा मला एक मिनिट उशिरा लागतो.

तर दगड. आमच्या छंदवाल्यांच्या ग्रुपवर वाघोलीच्या एका माणसाने लिहिलं की तो नोकरीसाठी जर्मनीला चाललाय, टाकी मोडतोय. पस्तिशीचा, आयटीतला, मूळचा भंडाऱ्याकडचा. आठ वर्षं त्याने हा संसार सांभाळला होता. मोठी टाकी विकली गेली होती. दगड दुसऱ्या गावच्या कुणीतरी घ्यायचे ठरवले होते, म्हणून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यांत भरून ठेवले. तो गृहस्थ उद्या येतो, उद्या येतो करत चार दिवस आलाच नाही. तेवढ्यात दगडावरचं निम्मं जग मेलं. म्हणून ते माझ्या वाट्याला आले. पण त्या घरी कोपऱ्यात अजून एक छोटी टाकी होती आणि तीत दोन नारिंगी मासे आणि त्यांचं समुद्रफूल होतं. मी दगड विसरले आणि तिथेच उभी राहिले.

"हे कुणाला देणार आहात?" मी विचारलं.

मुलगी बघायला आलेल्यांकडे बाप बघतो तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मला बसवून त्याची अट सांगितली. तो पाच आठवड्यांनी जाणार होता. तोवर मी हे दगड टाकीच्या बाहेर, वेगळ्या टबात पिकवायचे, म्हणजे मेलेलं सगळं कुजून, धुऊन निघेपर्यंत खाऱ्या पाण्यात ठेवायचे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सलग तीन दिवस. निघायच्या आधीच्या रविवारी तो स्वतः येऊन तपासणार. एरवी नव्या टाकीत समुद्रफूल सोडायला तो कितीतरी महिने थांबायला सांगतो, पण आता वेळ नव्हता आणि दगड त्याचेच जुने होते, म्हणून एवढी एकच वाट होती. दगड पास झाले तर तिघं माझ्याकडे येतील. नाहीतर एक दुकानदार न्यायला तयार होता.

"दुकानात गेले की जोडी फुटते, ताई," तो म्हणाला. "मासे एकीकडे जातात, फूल दुसरीकडे. आठ वर्षं सांभाळून राहिलो मी यांना. असं कोणालाही कसं देऊन टाकू नं?"

मी मान डोलावत राहिले. साबण लागू द्यायचा नाही, हो. नळाचं पाणी नाही, त्यात क्लोरीन असतं, हो. अंगाला सेंट लावून टबात हात नाही, हो. आणि तांबं तर नावालाही नको, ताई. माशाला एकवेळ चालेल, पण फूल आणि दगडातले जीव त्यानेच आधी मरतात, आणि दगड ते शोषून धरून ठेवतो. त्यालाही मी हो म्हटलं. पाण्यात तांबं कोण घालणार, असं मनात आलं आणि मी पुढच्या मुद्द्याची वाट बघू लागले.

टब ड्राय बाल्कनीत ठेवला, वॉशिंग मशीनच्या शेजारी. निळा, दीडशे लिटरचा. तयार खारं पाणी, पाणी घुसळायला एक छोटा पंप, पाणी कोमट ठेवायला हीटर, आणि उजेडाने शेवाळ धरू नये म्हणून वरून काळं कापड. हे कापड म्हणजे नवऱ्याची जुनी छत्री उसवून काढलेलं. दर रविवारी दगड एकेक करून बादलीत घ्यायचा, जुन्या टूथब्रशने मेलेलं खरवडायचं, तळाचा गाळ नळीने ओढून टाकायचा, निम्मं पाणी बदलायचं. पहिल्या रविवारी मी एका दगडातून जेलीसारखं काहीतरी चिमट्याने ओढून काढलं आणि आनंदाने नवऱ्याला हाक मारली. तो आला, बघून गेला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

वासाबद्दल थोडं सांगायला हवं. पहिला आठवडा सुसह्य होता. दुसऱ्या आठवड्यात त्या टबाने जे काही सुरू केलं त्याला मराठीत शब्द असेल तर तो कोळिणीलाच ठाऊक असेल. आणि नेमका त्याच आठवड्यात श्रावण लागला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की ज्यांना श्रावण पाळायचा नसेल त्यांनी नका पाळू, पण सुके बोंबील भाजताना किमान खिडक्या लावून घ्याव्यात. खाली एकवीस जणांनी अंगठे दाखवले. संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः नाकाने माग काढत तिसऱ्या मजल्यावर आले. दार सासूबाईंनी उघडलं. मी आत पडद्यामागे, खरोखर पडद्यामागे, उभी होते.

"आजी, तुमच्याकडे काय शिजतंय?" त्यांनी विचारलं.

"दगड," सासूबाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी एकदा आत डोकावून पाहिलं.

"अजून कच्चे आहेत," त्या पुढे म्हणाल्या. "झाले की पाठवते वाटीभर."

ते गेले. मी पडद्यामागे तोंडात पदर कोंबून इतकी हसले की पडदा दांडीसकट खाली आला. तोवर रोज सकाळी सासूबाई विचारायच्या की हे स्मशान घरातून कधी हलणार. त्या दिवसापासून प्रश्न बंद झाला. आपल्या घरातल्या वस्तूला आपण कितीही नावं ठेवू, दुसऱ्याने ठेवायचं काम नाही, हा त्यांचा कायदा आहे, आणि त्या कायद्याखाली मी सत्तावीस वर्षं सुखरूप आहे.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी काळं कापड उचललं आणि वास नव्हता. म्हणजे होता, पण तो समुद्राचा होता. ओला, खारट, स्वच्छ. मी दगड उचलून हुंगला, मग नवऱ्याला झोपेतून उठवून हुंगवला. तो म्हणाला, छान आहे, आणि पुन्हा झोपला. त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. रोज सकाळी बस पकडण्याआधी काचेच्या नळीत टबातलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग बघायचा. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे नाही. गडद हिरव्याचा पोपटी झाला, पोपटीचा लिंबू कलरकडे जाऊ लागला. पोपटी निघाला त्या दिवशी मी लेट फी माफ केली. लिंबू निघाला त्या दिवशी ग्रंथालयात मोठ्याने बोलणाऱ्या दोन मुलींना गप्प करायला गेले आणि त्यांनाच दगडांचे फोटो दाखवत बसले.

पाण्याची आणखी एक गोष्ट होती. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज जेवढं उडालं तेवढं साधं, शुद्ध पाणी वर घालावं लागतं. मी टबाच्या आतून मार्करने रेघ मारली होती आणि शेजारी शुद्ध पाण्याचा कॅन ठेवला होता. सासूबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा समजावूनही सांगितलं: या रेघेपर्यंत पाणी हवं, आणि नळाचं नको. चौथ्या आठवड्यात एक चमत्कार झाला. पाणी उडायचंच थांबलं. रोज सकाळी बघावं तर पातळी बरोबर रेघेवर. मला वाटलं, श्रावणाची दमट हवा. मी वाघोलीला मेसेजही केला की आमच्याकडे बाष्पीभवन जवळजवळ शून्य आहे. त्याने अंगठा पाठवला. आठ दिवस मी या शोधावर खूश होते.

नवव्या दिवशी कॉलेजला दुपारी सुट्टी झाली आणि मी दोनच्या आत घरी आले. ड्राय बाल्कनीत सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. काळं कापड अर्धं बाजूला केलेलं. त्यांच्या मांडीवर देवघराशेजारची तांब्याची कळशी होती, आणि त्या तिच्यातून फुलपात्रात पाणी घेऊन हळूहळू, रेघेकडे बघत, टबात सोडत होत्या.

ती कळशी आमच्या घरात माझ्याआधीपासून आहे. रात्री भरून ठेवायची, सकाळी त्यातलं पाणी प्यायचं. सासूबाईंच्या मते त्यांचे सगळे दात, गुडघे आणि बुद्धी त्या पाण्यामुळे शाबूत आहेत. मला ते पाणी सत्तावीस वर्षं आग्रहाने मिळालेलं आहे. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी.

माझा आवाज मला माहीत आहे, तो तापला की गल्लीच्या टोकाला जातो. त्या दिवशी तो स्वारगेट डेपोपर्यंत गेला असेल. मी म्हणाले, हे काय केलंत. मी म्हणाले, पाच आठवड्यांची माती केलीत. मी म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला. आणखीही बरंच म्हणाले, ते लिहवत नाही.

त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं.

"नळाचं नको म्हणालीस," त्या म्हणाल्या. "तू सकाळी घाईत असतेस. घरात सगळ्यात चांगलं पाणी होतं ते घातलं."

आणि कळशी उचलून आत गेल्या. एरवी सासूबाईंकडे शेवटचा टोमणा असतो. तो आला नाही, तेव्हा मला भीती वाटली. पण रागाला तेवढी भीती पुरत नाही, म्हणून मी रागावलेलीच राहिले.

रविवारला पाच दिवस होते. मी रात्रंदिवस शुद्ध पाणी जमवलं, नवऱ्याने बादल्या उचलल्या, टबातलं पाणी पूर्ण बदललं, पंपाच्या तोंडाशी पाण्यातलं विष शोषणाऱ्या कोळशाची पिशवी बांधली. पण दगडाने तांबं पिऊन ठेवलं असेल तर पाणी बदलून काय होणार, हे मला कळत होतं. तांब्याची तपासणी करायचे थेंब शहरात मिळेनात. ते वाघोलीच्या माणसाकडे होते, आणि त्याच्याकडे मागितले की संपलंच. अमोनिया शून्य आला, नायट्राइट शून्य आला. सलग एक दिवस, सलग दोन, सलग तीन. नळीतला तो स्वच्छ पिवळा रंग, ज्याच्यासाठी मी महिनाभर जीव टाकला होता, तो आता माझ्याकडे बघून हसत होता. वाघोलीवाला विचारणार नाही, मी स्वतःला सांगत होते. विचारलं तर नाही म्हणायचं. कदाचित काही झालंही नसेल. आठ दिवस, रोज एक-दोन फुलपात्रं, असं कितीसं तांबं असतं त्यात.

घरात सासूबाई माझ्याशी नवऱ्यामार्फत बोलत होत्या. तिला सांग, कुकर झालाय. तिला विचार, पोळ्या किती. नवरा दोन फुटांवरून निरोप पोहोचवत होता, शब्द न बदलता. शनिवारी माझं लक्ष गेलं की देवघराशेजारची जागा रिकामी आहे. कळशी माळ्यावर गेली होती. सासूबाई स्टीलच्या भांड्यातून पाणी पीत होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि तरी मी काही बोलले नाही, कारण माझं सगळं चित्त रविवारवर होतं.

रविवारी बाराला वाघोलीचा माणूस आला. खाली गाडीत थर्माकोलचं खोकं होतं आणि त्यात तिघं होते, हे त्याने आल्या-आल्या सांगितलं.  त्याने नळ्या काढल्या, थेंब टाकले, उजेडात धरून रंग पाहिले. एक दगड उचलून हुंगला आणि हसला.

"ताई, मस्त पिकवले तुम्ही," तो म्हणाला. "माझ्याकडे होते त्याहून मस्त." मग हात पुसता पुसता, सहज: "तांबंबिंबं काही नाही नं लागलं याला?"

मी तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द जिभेवर तयार होता, मला त्याची चव आठवते.

"लागलंय," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "मी घातलंय. कळशीतलं पाणी, आठ दिवस. हिला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा हिने सगळं पाणी बदललं."

तो वॉशिंग मशीनला टेकला. त्याला राग आला नाही, तेच वाईट होतं. त्याने सावकाश सांगितलं की तांबं तपासायची बाटली सामानासोबत पुढे गेली, आता मोजायला काही साधन नाही. अंदाजावर फूल सोडता येणार नाही. दगडातले बारीक जीव जगले असतील तर गोष्ट वेगळी, पण ते असे दिसत नाहीत नं, आत दडून राहतात. मी टबाकडे बघत होते. त्या क्षणी मला रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही.

"दिसतात की," सासूबाई म्हणाल्या. "मी रोज हजेरी घेते."

नवऱ्यासकट आम्ही तिघंही त्यांच्याकडे वळलो. मग त्यांनी शाळेतल्या सुरात सांगितलं. मी कॉलेजला गेले की त्या रोज दुपारी कापड उचलून बघत. पांढऱ्या बॅटरीच्या उजेडात सगळे पळतात, म्हणून मिठाईच्या खोक्याचा लाल जिलेटिन कागद बॅटरीला बांधला. मोठ्या दगडाच्या डाव्या भोकात एक पाच बारीक पायांचा आहे, त्याच्या मागच्या दगडात त्याचेच दोन भाऊबंद. एक गोगलगाय. एक नळी, तिच्या टोकाला पिसांचा पंखा उघडतो, पण बोट हलवलं तरी मिटते, भित्री आहे. पाच पायांचे तीनच्या सुमाराला बाहेर येतात, त्याआधी नाही.

"पाणी घातलं तेव्हाही होते, बदललं तेव्हाही," त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "भांडण झाल्यावर रोज बघत होते, मेले का. काल पाचही होते."

मला यातलं काही माहीत नव्हतं. पाच आठवडे मी रंग बघितले, रेघ बघितली, आकडे बघितले. त्या दगडात कोण राहतं ते एकदाही नीट बघितलं नव्हतं.

घड्याळात एक वाजला होता. त्याच्या बायकोचा फोन येत होता, सामान बांधायचं राहिलं होतं. त्याने तिला सांगितलं की तीननंतर निघतो, इथे थोडं काम आहे. मग आम्ही चौघं त्या ड्राय बाल्कनीत बसलो, जिथे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला श्वास घेता येत नाही. सासूबाई स्टुलावर, तो उलट्या बादलीवर, मी उंबऱ्यावर, नवरा वॉशिंग मशीनवर पाय सोडून. जेवणं तिथेच झाली, ताटं मांडीवर घेऊन. कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं, म्हणून सगळ्याचंच हसू यायला लागलं. नवऱ्याला ठसका लागला तर सासूबाईंनी त्याला बोटाने गप्प केलं, तो एकोणसाठ वर्षांचा माणूस श्वास कोंडून लाल झाला. मला आठवतं त्याप्रमाणे आमच्या घरात इतकं छान जेवण फार वर्षांनी झालं होतं.

तीन वाजून गेले. काही आलं नाही. सव्वातीन झाले. तो एकदा घड्याळाकडे बघून पुन्हा पाण्याकडे बघायला लागला. 

"कापड जास्त उघडलंय," सासूबाई म्हणाल्या आणि कडा थोडी ओढून घेतली. लाल बॅटरी त्यांनी तिरकी धरली.

डाव्या भोकातून केसासारखा एक पाय बाहेर आला. मग दुसरा. मग एकदम तिसरा आणि चौथा, आणि नखाएवढा जीव दगडाच्या पाठीवरून अशा थाटात चालायला लागला की जणू रविवारची लक्ष्मी रोडची खरेदी करायची आहे. मागच्या दगडातून दुसरा आला. पंख्यावाली नळी उघडली.

"तांबं असतं तर हेच पहिले गेले असते, आजी," तो हळूच म्हणाला.  "पास आहेत तुमचे दगड."

मी ओरडू नये म्हणून स्वतःचा दंड चावला. दगड एकेक करून हॉलमधल्या टाकीत रचले. खोकं वर आलं. पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब मिसळत दीड तास गेला, आणि त्या दीड तासात तो सगळ्या सूचना सासूबाईंनाच देत होता. किती खायला घालायचं, फूल फुगलं तर काय, आक्रसलं तर काय. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, आणि मला हेवा वाटण्याएवढीही फुरसत नव्हती. सासूबाईंनी एकच शंका विचारली: हे अजून किती वर्षं जगतील. तो म्हणाला, नीट ठेवले तर दहा-बारा सहज. त्यांनी मनात बेरीज केली आणि म्हणाल्या, त्र्याण्णव होतात, बघते कसं जमतंय.

समुद्रफूल टाकीत गेल्यावर आधी लोळागोळा होऊन पडलं. मग एका दगडाच्या खाचेत पाय रोवून हळूहळू उघडलं, आणि दोन्ही मासे एकामागोमाग आत शिरले. तो बराच वेळ काचेशी वाकून उभा होता. निघताना चपला उलट्या घातल्या, मग सुलट्या घातल्या. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तरी आम्ही कुणी दार लावलं नव्हतं.

नवरा भांडी घासायला गेला. सासूबाई टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आई, मी त्या दिवशी तुमच्यावर तसं ओरडायला नको होतं."

"ओरडलीस त्याचं काही नाही," त्या माशांवरची नजर न काढता म्हणाल्या. "आज खोटं बोलणार होतीस."

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, आणि थोडी सरकून मला नीट दिसेल अशी जागा करून दिली.